सहक्षेत्राचा शेवटचा कोपरा

बोटीवरचा न्याहारीचा हॉल बंद होता, आणि फोल्के हेडेनविंद त्या बंद दारासमोरच्या बाकावर बसून स्वतःलाच शिव्या घालत होता. माणूस सहासष्ट वर्षांचा झाला, प्राध्यापक झाला, विश्वाच्या गोष्टी सांगू लागला, म्हणून त्याला गजर लावता येईलच असं नाही.

झालं होतं ते असं. ही स्टॉकहोमहून तुर्कूला जाणारी रात्रीची बोट. फिनलंडचं घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे, हे फोल्केला लहानपणापासून ठाऊक. 'तिकडचे सहा म्हणजे आपले पाच' असा हिशेब करून त्याने झोपताना फोनवर पाचचा गजर लावला. पण फोन त्याच्याहून शहाणा निघाला. त्याने केव्हाच आपणहून फिनलंडची वेळ धरली होती. म्हणजे एक तास फोनने फिरवला आणि तोच तास फोल्केनेही फिरवला. आता गृहस्थ अंघोळ-दाढी आटोपून रिकाम्या बोटीत भुतासारखे हिंडताहेत, आणि कॉफीचा घोट मिळायला अजून तासभर अवकाश.

"घ्या! दोघांनी मिळून एकच काम दोनदा केलं," तो पुटपुटला. ऐकायला कोणी नव्हतं.

पिशवीत वाचायला एकच गोष्ट होती, साइमी रांताकोक्कोचा प्रबंध. आज दुपारी तुर्कूत तिने भरसभेत त्याची बाजू राखायची होती आणि फोल्केने त्यावर तुटून पडायचं होतं. फिनलंडात रीतच तशी आहे. प्रबंध छापून झाला की बाहेरगावचा एक आक्षेपक बोलावतात. तो सगळ्यांदेखत उलटतपासणी घेतो, उमेदवार उत्तरं देतो, आणि पास म्हणायचं की नाही ते शेवटी आक्षेपकाच्या तोंडून येतं.

प्रबंध फोल्केने तीनदा वाचला होता. पहिल्यांदा घाईघाईत, दुसऱ्यांदा चवीने, आणि तिसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, नुसत्या सुखासाठी. कारण त्या प्रबंधात त्याचा जीव अडकला होता.

तीस वर्षांपूर्वी फोल्केने एक सिद्धांत मांडला होता. गुरुत्वाकर्षण एकटं नसतं, त्याला एक जोडीदार असतो, असं त्याचं म्हणणं. त्या जोडीदाराला त्याने नाव दिलं सहक्षेत्र. पृथ्वीवर, सूर्यात ते झोपलेलं असतं. जागं होतं ते फक्त न्यूट्रॉन ताऱ्यात, जिथे एका सूर्याएवढा ऐवज एखाद्या शहराच्या आकारात कोंबून भरलेला असतो. सुरुवातीला लोकांनी कौतुक केलं. परिषदांना बोलावलं, विमानाची तिकिटं पाठवली. मग मोजमापं यायला लागली. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी नवी दुर्बीण लावायचा आणि सहक्षेत्राला राहायची एकेक खोली बंद करून जायचा. जुने सोबती हळूच पाय काढते झाले. "फोल्के, आता पुरे कर," असं तोंडावर म्हणणारेही निघाले. अखेर उरला एवढासा कोपरा. तो कोपरा फोल्केने इतकी वर्षं एकट्याने राखला होता, आणि राखून राखून तो मेटाकुटीला आला होता.

आणि अचानक, ना ओळख ना पाळख, तुर्कूची ही साइमी उभी राहिली. न्यूट्रॉन तारा गरगर फिरतो. त्याच्या अंगावर एक तापलेला डाग असतो, त्यातून क्ष-किरण निघतात. डाग समोर आला की तारा उजळतो, मागे गेला की मंदावतो. पण ताऱ्याची ओढ एवढी जबर की मागच्या डागाचे किरणही वाकून थोडेफार पुढे येतात. किती वाकतात, म्हणजेच तारा कितपत मंदावतो, हे कोणाचं गुरुत्वाकर्षण खरं त्यावर ठरतं. साइमीने दोन्ही बाजूंनी गणित करून ते उपग्रहाच्या निरीक्षणांशेजारी मांडलं होतं. म्हाताऱ्याची रेघ (या धंद्यातले लोक आइन्स्टाईनला म्हाताराच म्हणतात, त्यात राग थोडा आणि धाक जास्त) निरीक्षणांच्या ठिपक्यांना जेमतेम घासून जात होती. सहक्षेत्राची रेघ मात्र ठिपक्यांच्या मधोमध. ते चित्र फोल्केने घरी फ्रीजच्या दारावर लावलं होतं.

आता त्या बाकावर त्याने पान चौऱ्याऐंशी उघडलं. उगाच, चाळा म्हणून. डोक्यात अजून गजराचाच राग होता.

सहक्षेत्राच्या गणितात दोन मापं वापरावी लागतात. एक हिशेबाला सोपं. दुसरं खरं, ज्या मापाने खरी घड्याळं चालतात आणि खरे तारे मोजले जातात. सोप्या मापात उत्तर काढायचं आणि मग ते एकदा खऱ्या मापात बदलायचं. एकदाच. साइमीने लिहिलं होतं, 'ताऱ्याची त्रिज्या इथे खऱ्या मापात बदलून घेतली आहे.' या वाक्यावर फोल्केने तीनही वेळा मान डोलावली होती. छान, पोरगी काळजी घेते.

आज मान डोलली नाही. साइमीचा मार्गदर्शक होता क्यॉस्ती लेहतोवारा, फोल्केचा जुना दोस्त. किरणांचा माग काढणारा प्रोग्राम त्याचाच होता. आणि क्यॉस्ती विद्यार्थ्यांवर काडीचाही विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. मग त्याच्या प्रोग्रामने आत आलेल्या त्रिज्येचं काय केलं असेल?

फोल्केने पेन्सिल काढून प्रबंधाच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. त्रिज्या दोनदा बदलली गेली असेल तर रेघ सरकेल किती? मधोमध बसण्यासाठी जेवढी सरकायला हवी होती, बरोब्बर तेवढीच. जास्तीचं बदलणं काढून टाकलं की रेघ ठिपक्यांपासून लांब, पार खाली पडते. त्याने हिशेब दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा करायला अंगात त्राण नव्हतं.

पाहिजे तेच उत्तर समोर आलं की माणूस उलटतपासणी करत नाही, हे वाक्य तो तीस वर्षं विद्यार्थ्यांना ऐकवत आला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

हॉल उघडला. त्याने ताटलीत खारवलेले मासे घेतले, अंडं घेतलं, आणि सगळं तसंच ठेवून तो उठला.

तुर्कूच्या धक्क्यावर नोव्हेंबरचा तो गिचगिचीत, काळा पडलेला बर्फ होता. टपरीच्या आडोशाला उभं राहून त्याने घरी फोन लावला. बायको इंगेगेर्द चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होती, त्यामुळे वाईट बातमी ऐकायची तिला सवय होती.

"पोचलास? आवाज असा का तुझा? बोट लागली का पुन्हा?"

"इंगेगेर्द, चूक आहे गं."

"कुठे?"

"प्रबंधात. सगळं दोनदा मोजलं गेलंय. ते काढलं की काही उरत नाही. फ्रीजवरचं चित्र खोटं आहे."

"म्हणजे माझी सवत?"

सहक्षेत्राला ती पहिल्यापासून सवत म्हणायची. लग्नानंतर चौथ्या वर्षी ती घरात आली, आणि तेव्हापासून जेवणाच्या टेबलाशी तिघं बसायची, असं ती पाहुण्यांना सांगायची.

"जाणार तुझी सवत," फोल्के म्हणाला. "पण आज जायलाच पाहिजे असं नाही. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलेलं नाही. येणारही नाही इतक्यात. दोन-तीन वर्षांनी कोणीतरी काढेल शोधून. तोवर माझं सगळं पार पडेल. मार्चमध्ये निवृत्तीचा समारंभ आहे, लोक येणार आहेत, जे हसत होते तेसुद्धा येणार आहेत. मी दमलोय गं. तीस वर्षं लोकांचं हसणं ऐकलं. दोन वर्षं मान वर करून चाललो तर कोणाचं काय बिघडणार आहे?"

"चाल की. मी कुठे अडवलंय? पण तू रात्रभर कूस बदलत बसणार, घटकेघटकेला उसासे टाकणार, आणि दोन वर्षं मी जागी. माझ्या वयाला ते झेपायचं नाही."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. आणि त्या पोरीचं काय रे? दोन वर्षांनी ज्याला सापडेल तो काही तिला चहाला बोलवून सांगणार नाही. चार लोकांत झोडपेल. आज निदान समोर तू आहेस."

एक ट्रक चिखल उडवत गेला.

"खाल्लंस का काही?" तिने विचारलं. "खाऊन घे आधी. उपाशीपोटी कोणाचं वाटोळं करू नये, आपलंसुद्धा."

बाराचं बोलावणं म्हणजे सव्वाबारा, हा तिकडचा शिरस्ता. अकरा वाजून गेल्यावर फोल्के सभागृहामागच्या खोलीत पोचला. अंगात काळा लांब शेपटांचा कोट, हातात डॉक्टरांची ती काळी चुणीदार टोपी. टोपी घालायची नसते, नुसती मिरवायची आणि मग टेबलावर ठेवायची असते.

क्यॉस्तीने कडकडून मिठी मारली. तो आजच्या सभेचा अध्यक्ष. "अरे, कोट कोणाचा घातलास? भावाचा?"

"कोट माझाच आहे. आतला माणूस कमी झालाय."

"आज भरून निघशील बघ! तीस वर्षं थांबलास गड्या."

फोल्केने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "क्यॉस्ती, तुझा तो प्रोग्राम. त्रिज्या आत गेली की माप तो स्वतः बदलतो का?"

"बदलतो का म्हणजे? न विचारता बदलतो. पोरांवर सोडलं की पोरं विसरतात. माझ्या हाताखालच्या एकानेही आजवर ती चूक केलेली नाही, का माहीतय? चूक करायला मी जागाच ठेवलेली नाही!" क्यॉस्ती खूश होऊन हसला. "का रे, विचारलंस का?"

तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण दार उघडून साइमी आत आली. छत्तीस वर्षांची उंच बाई, काळा साधा झगा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. घरी तीन महिन्यांचं बाळ होतं, आणि झोप म्हणजे काय हे ती विसरून गेली होती. तिने फोल्केचा हात हातात घेतला. तिचा हात बर्फासारखा गार होता.

"सर, एक सांगू का? सभेत सांगता येणार नाही म्हणून आत्ता सांगते. मी शाळेत असताना आमच्या गावच्या वाचनालयात एक मासिक यायचं. त्यात तुमच्या सहक्षेत्रावर लेख होता. तो वाचून मी या विषयात आले. घरी सगळे म्हणाले, पोरीला वेड लागलंय."

"असं?" फोल्के म्हणाला.

तिने शुद्धिपत्राचा कागद त्याच्या हातात ठेवला. छापून झाल्यावर सापडलेल्या चुका सभेच्या आधी वाटायची पद्धत आहे. त्या कागदावरून फोल्केने भरभर नजर फिरवली. असेल, तिला स्वतःलाच सापडलं असेल, देवा, असू दे. पण कागदावर सगळ्या अक्षरांच्या चुका होत्या.

सभागृहात तिघं ओळीने शिरली, पुढे साइमी, मग क्यॉस्ती, मागे फोल्के. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेत साइमीचे आईवडील होते, काउहायोकी गावाहून पहाटे निघून आलेले. वडील उर्हो आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवत आलेले. गळ्यातला टाय त्यांना काचत होता. आईचं अर्धं लक्ष दाराकडे, कारण बाहेरच्या टेबलावर केक ठेवला होता आणि त्याच्याजवळ कोणी नव्हतं. इथे काय बोललं जाणार यातलं अक्षर दोघांना कळणार नव्हतं, पण दोघं पाठ ताठ करून बसली होती.

पहिला तास-दीड तास नेहमीसारखा गेला. फोल्केने विचारलं, साइमीने उत्तर दिलं. उत्तरं पक्की, नेमकी, मधेच एखादा विनोद. फोल्के मुद्दाम रेंगाळला, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्या प्रकरणावर त्याने नको तेवढे प्रश्न विचारले. चौथ्या प्रकरणाचं कौतुक केलं, आणि ते अगदी मनापासून केलं, कारण तारा कितपत मंदावतो ते मोजायची तिची पद्धत त्याने आजवर पाहिलेल्यांत सर्वांत बारीक होती. आता पुढचं पान उलटलं नाही तरी चालणार होतं. क्यॉस्तीने घड्याळाकडे पाहून हळूच मानेनेच 'आटप' म्हटलं. फोल्केला एकाएकी इतका थकवा आला की टेबलावर डोकं टेकून तिथेच झोपावं असं वाटलं. मग त्याला वाचनालयातल्या त्या मासिकाची आठवण झाली, आणि चार लोकांत झोडपणाऱ्या त्या कोणा परक्याची.

"पान चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "त्रिज्या खऱ्या मापात बदलली, असं तुम्ही लिहिलंय. बदलली कोणी?"

"मी. हाताने. परिशिष्टात सगळं दिलंय."

"मग तो आकडा गेला कुठे?"

"प्रोफेसर लेहतोवारांच्या प्रोग्राममध्ये."

"तिथे त्याचं काय झालं?"

साइमीने क्यॉस्तीकडे पाहिलं. अध्यक्षाने उमेदवाराच्या वतीने ब्रही काढायचा नसतो, तसा नियमच आहे. क्यॉस्ती कॉलरपासून वर लाल होत गेला आणि टेबलावरच्या आपल्या टोपीकडे बघत राहिला. सासूने आमटीत मीठ घातलं, सुनेनेही घातलं, आणि दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. निष्काळजीपणा कोणाचाच नव्हता. दोघांनी काळजी घेतली म्हणून घात झाला.

"दोनदा," साइमी म्हणाली. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला नसेल. "दोनदा बदललं गेलंय."

मागे फोनमध्ये डोकं घालून बसलेली दोन-तीन पोरं वर बघायला लागली. उर्होने बायकोला कोपराने डिवचून काहीतरी विचारलं. तिने खांदे उडवले.

"फळा वापरू?" साइमीने विचारलं.

"वापरा. वेळ भरपूर आहे."

पहिला खडू तिच्या हातात मोडला. दुसरा तिने नीट धरला. आणि मग ती जे करायला लागली ते बघत राहावं असं होतं. कागद नाही, टिपण नाही, तीन महिन्यांची झोप नाही, आणि बाई एकेक पायरी मांडत चालली होती. मधे एकदा अधिक-उण्याची खूण चुकली, ती तिची तिनेच हाताने पुसली आणि हात झग्याला लागून पांढरा पट्टा उमटला. शेवटी तिने ठिपके काढले, म्हाताऱ्याची रेघ काढली, सहक्षेत्राची जुनी रेघ मधोमध काढली आणि पुसून टाकली. नवी रेघ खाली आली, फार खाली.

"म्हणजे पाचवं प्रकरण चुकलं," ती फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली. "त्यावरचा छापलेला लेखही चुकला. शोधपत्रिकेला आजच कळवावं लागेल."

"पाचवं चुकलं. चौथं?"

"चौथं..." तिने श्वास घेतला. "चौथं म्हणजे पद्धत. पद्धतीला काही झालेलं नाही. ती बरोबर आहे."

इथे थांबता आलं असतं. पोरीची लाज राहिली होती, प्रबंध तगला होता, पुढचं कोणी विचारलं नसतं. पण आक्षेपकाचं काम एकदा अंगावर घेतलं की ते अर्धं टाकता येत नाही.

"पद्धत बरोबर आहे," फोल्के म्हणाला. "मग त्या बरोबर पद्धतीने, या निरीक्षणांवरून, निष्कर्ष काय निघतो?"

साइमी फळ्याकडे बघत राहिली. तिला समजलं तो क्षण फोल्केला तिच्या पाठीवरून कळला, खांदे एकदम पडले. तिची पद्धत इतकी बारीक होती की प्रश्न आता सहक्षेत्राला पुरावा नसल्याचा राहिला नव्हता. ते कुठे असूच शकत नव्हतं. उरलेला कोपरा त्याच रेघेने बंद होत होता. ती वळली. डोळे भरून आले होते.

"सर, ते आत्ताच लिहायला हवं का?"

"हवं."

"पण तो शेवटचा..."

"कितवा आहे ते मला ठाऊक आहे. लिहा, बाई. दुसरं कोणी लिहिण्यापेक्षा तुम्ही लिहा."

तिने खालच्या कोपऱ्यात जागा शोधून बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सहक्षेत्र शक्य नाही.' मग खडू ठेवला आणि गालावरून मनगट फिरवलं. गालालाही खडू लागला.

फोल्के उठला. निर्णय उभ्याने सांगायचा असतो.

"अशा सभांत मी बऱ्याच वेळा आक्षेपक म्हणून उभा राहिलोय," तो म्हणाला. "आपलं लाडकं उत्तर स्वतःच्या हाताने पुसताना मी आजवर कोणाला पाहिलं नव्हतं. मला स्वतःला ते तीस वर्षांत जमलं नाही. पाचव्या प्रकरणाची दुरुस्ती प्रबंधाला जोडावी, आणि प्रबंध स्वीकारावा, अशी माझी शिफारस आहे."

नंतर साइमीने रीतीप्रमाणे सभेला विचारलं की आणखी कोणाला काही आक्षेप असल्यास अध्यक्षांकडे परवानगी मागावी. कोणी मागितली नाही.

बाहेर केक कापला गेला. क्यॉस्ती फोल्केला खिडकीपाशी घेऊन गेला. "सकाळी तुला माहीत होतं. माझ्यापाशी बोलला का नाहीस?"

"तू घाबरून सभा पुढे ढकलली असतीस, आणि ती घरी बसून झुरली असती."

"मी म्हटलं होतं, चूक करायला जागाच ठेवली नाही. काय तोंड दाखवू रे आता?"

"तिला जाऊन सांग तेच. आत्ता जा."

पण क्यॉस्ती जाण्याआधी उर्हो समोर येऊन उभे राहिले, हातात केकची ताटली घेऊन. त्यांनी फिनिशमध्ये काहीतरी विचारलं. क्यॉस्तीने घसा खाकरून सांगितलं, "हे विचारतायत, पोरगी पास झाली ना?"

"झाली."

"मग तिला रडवलंत कशाला, म्हणतात. लहानपणी खांदा निखळला तेव्हासुद्धा ती रडली नव्हती."

"सांग त्यांना, तिने माझं आयुष्यभराचं काम खोटं ठरवलं. म्हणून तिला रडू आलं."

क्यॉस्तीने सांगितलं. उर्होंनी फोल्केला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आणि तरी पास केलंत?"

"त्यासाठीच केलं."

म्हातारबुवांनी आपल्या हातातली ताटली, अख्ख्या तुकड्यासकट, फोल्केच्या हातात दिली आणि शाळेत कधीकाळी शिकलेल्या मोडक्या स्वीडिशमध्ये म्हणाले, "घ्या. खा." फोल्केने खाल्लं. सकाळपासून पोटात गेलेलं ते पहिलंच अन्न होतं.

संध्याकाळी जेवण होतं. ते आक्षेपकाच्या सन्मानार्थ असतं, भाषणं होतात, कोट पुन्हा चढवावा लागतो. मधल्या वेळात फोल्के हॉटेलच्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसला. चार वाजले नव्हते तरी बाहेर अंधारलं होतं. त्याने फोन लावला.

"गेली," तो म्हणाला.

"कशी?"

"फळ्यावर. त्या पोरीच्या हातून. अक्षर फार सुरेख आहे तिचं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"इंगेगेर्द? रडतेस तू?"

"मग काय करू? तीस वर्षं घरात होती ती. सुट्टीला बरोबर आली, जेवायला बसली, आपल्या युनासच्या जन्माच्या वेळी मी कळा देत होते तेव्हासुद्धा तू शेजारी तिचंच गणित करत होतास. रोज उठून तिला शिव्या घालायची सवय लागली होती मला." ती मोठ्याने नाक शिंकरली. "सवत गेली म्हणून रडणारी मी पहिलीच बाई असेन बघ."

फोल्केला हसू आलं. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं वर आलं आणि तो त्या परक्या खोलीत हुंदके देऊन रडला. इंगेगेर्द फोन धरून होती.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आता मी काय करू गं?"

"आत्ता तोंड धू आणि जेवायला जा. त्या पोरीसाठी चांगलं बोल दोन शब्द. उद्या घरी ये. आणि गजराला हात लावू नकोस. फोन त्याचा तो बरोबर मागे येतो. मी फ्रीजवरचं चित्र काढू का, की तू आल्यावर काढशील?"

"राहू दे," फोल्के म्हणाला. "आपण दोघं मिळून काढू."